जुनी फोर-व्हील गाडी रोजच्या वापराला घेताना: बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या नव्या खरेदीदारांसाठी

जुनी फोर-व्हील, म्हणजे इंजिनाची ओढ चारही चाकांना देता येणारी गाडी, बघायला जाताना मी तीन वस्तू बरोबर नेतो: चांगली बॅटरी (टॉर्च), छोटी हातोडी आणि शिसपेन्सिल. बॅटरी आणि हातोडी चेसिससाठी (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यासाठी), पेन्सिल चेसिस नंबरसाठी. इंजिन ऐकायला कान पुरतात, आणि कान चुकले तरी बेळगावात इंजिनापायी काही अडत नाही. उद्यमबागेत क्रँक ग्राइंडिंगपासून स्लीव्ह बसवण्यापर्यंत सगळं होतं, आणि जुनी डिझेल इंजिनं उघडून बांधणारे मिस्त्रीही अजून आहेत. कुजलेली चेसिस आणि गोंधळातले कागद मात्र कुणी बांधून देत नाही. नव्या माणसाला मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

मी लिहितोय ते रोज गाडी लागणाऱ्यांसाठी. खानापूर तालुक्यातल्या वाडीवरून कामाला बेळगावला येणारे, निपाणी-चिकोडीकडं शेतात घर असणारे, महिन्यातून एकदा चोर्ल्यातून गोव्याला उतरणारे. फक्त सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरायला गाडी हवी असेल तर हिशेब वेगळा, कारण ती बंद पडली तरी सोमवारी कामाला जायला दुसरी गाडी घरात असते.

आधी आपला रस्ता बघा

एका आठवड्यात कुठं कुठं गेलात ते कागदावर लिहा. टिळकवाडीतून उद्यमबाग आणि परत, एवढंच निघालं तर फोर-व्हील घेऊ नका. त्या गाडीचं वजन, डिझेल आणि देखभाल फुकट सोसाल. साधी टू-व्हील (दोनच चाकांना ओढ असलेली) बोलेरो तेच काम कमी खर्चात करते.

पण कणकुंबी, आमगाव, गवाळी या बाजूला जून ते सप्टेंबर काय होतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. तांबड्या मातीचा रस्ता आधी गुळगुळीत होतो, मग त्यात चाकोऱ्या पडतात आणि शेवटी ओढाच रस्त्यावरून वाहतो. पूर्वेला चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीची तऱ्हा वेगळी. पाऊस थोडा, पण एक सर आली की माती टायरला डिंकासारखी चिकटते, नक्षी भरून जाते आणि चाक नुसतं फिरत राहतं. या दोन्ही ठिकाणी फोर-व्हील खरोखर उपयोगी पडतं.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा: घरातलं कोण कोण या गाडीतून जाणार? जुन्या जीपमध्ये एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, मागची बाकं समोरासमोर असतात आणि पुष्कळ गाड्यांत तिथं बेल्टच नसतो. लहान मुलं रोज शाळेला न्यायची असतील तर पुढं तोंड करून बसायची सीट आणि बेल्ट असलेलीच गाडी घ्या. या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. वयस्कर आईवडील असतील तर त्यांना घेऊन जा आणि एकदा चढायला-उतरायला सांगा.

कोणती गाडी

महिंद्राच्या एमएम ५४० आणि ५५० या आपल्याकडच्या जुन्या ओळखीच्या. ५४० मध्ये प्युजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन, सुमारे ६२ अश्वशक्तीचं. घाटात ते न कुरकुरता ओढतं, पण हायवेवर ताशी ६०-६५ च्या पुढं गाडीचा जीव नाही. निपाणी-बेळगाव रोज करणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं, कारण मागून येणारा ट्रक त्यापेक्षा वेगात असतो. प्युजोच्या इंजिनाचे काही पार्ट आता शोधावे लागतात. महिंद्राच्याच डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) इंजिनाचे बोलेरोमुळं कुठंही मिळतात.

मारुती जिप्सी १९८५ साली आली. आधीची ९७० सीसीची, नंतरची किंग १,२९८ सीसीची. हलकी, पेट्रोलची, अडकली तरी चौघांनी ढकलून निघणारी. चारही चाकांवर पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असल्यानं ती उडते, आणि लिटरला नऊ-दहाच्या पुढं क्वचितच जाते. रोज साठ किलोमीटर धावणार असाल तर महिन्याचा पेट्रोलचा आकडा काढून मगच पुढं जा. ती घ्यायचीच तर एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाची किंग घ्या. पावसाळ्यातल्या सकाळी कार्ब्युरेटरशी झगडायला रोज वेळ कुणाकडं आहे?

२०१० ते २०२० मधली जुनी थार, सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिनाची, रोजच्या वापराला या सगळ्यांत मला सर्वांत योग्य वाटते. १०५ अश्वशक्ती, पॉवर स्टीअरिंग, एसी, आणि पुढं पाट्याऐवजी टॉर्शन बार (पिळाची स्प्रिंग) असल्यानं खड्ड्यात अंग कमी आदळतं. किंमत जास्त आहे, पण तो फरक तुमची पाठ वसूल करते. डीआय इंजिनाची थार स्वस्त मिळेल. तिच्यात टू-व्हीलही निघाल्या होत्या, तेव्हा तपासून घ्या.

तपासायचं सोपं आहे. खाली वाका आणि पुढच्या एक्सलकडं बघा. फोर-व्हील गाडीला मागच्यासारखाच पुढंही डिफरेन्शियल (एक्सलवरचा फुगीर लोखंडी गोळा) असतो आणि गियरबॉक्सच्या बाजूनं पुढं येणारा एक शाफ्ट असतो. तो नसेल तर दारावर ‘४×४’ कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असू दे, गाडी टू-व्हीलच. महिंद्राच्या कमांडर आणि मेजर जातीच्या बऱ्याच गाड्या अशाच आहेत, आणि त्यातल्या कित्येक कोल्हापूर-सांगली पट्ट्यात वर्षानुवर्षं वडापला (माणसं भरून शेअर भाड्याच्या फेऱ्यांना) धावल्या आहेत. वडापची गाडी रोजच्या वापराला घेऊ नका, रंग कितीही नवा असला तरी.

चेसिस

इथं घाई नको. माझी पहिली एमएम ५४०, १९९२ ची, मी सीमेपलीकडच्या एका गावातून घेतली. खालून ताजा काळा रंग मारलेला होता. मला वाटलं, मालकानं गाडी जपलेली दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात जांबोटीहून परत येताना मागची डावी बाजू एकदम खाली बसली. गाडीत आई होती आणि दुधाचे दोन कॅन. वेग कमी होता म्हणून गाडी कडेला घेता आली. मागच्या पाट्याचा शॅकल (पाट्याला धरणारी कडी) चेसिसला जिथं धरतो तिथला पत्रा आतून कुजून फाटला होता. वेल्डिंगवाल्या मामांनी तो काळा पापुद्रा हातोडीच्या टोकानं उचलला तेव्हा आतून तांबडी माती आणि गंज यांचा ओंजळभर भुगा खाली पडला. मामा म्हणाले, “खालनं नवा रंग दिसला की मी आधी तिथंच ठोकून बघतो बघा.” तेव्हापासून हातोडी माझ्या पिशवीत आहे.

ठोकायचं कसं? हलकेच, पण सगळीकडं. शाबूत लोखंड टणटण वाजतं. कुजलेलं ‘थप्’ असा मेलेला आवाज देतं आणि हाताला मऊ लागतं. मागच्या पाट्यांच्या दोन्ही टोकांच्या जागा, मागच्या एक्सलवरची चेसिसची कमान, बॉडीचे बोल्ट जिथं बसतात ते कान, गियरबॉक्स ज्या आडव्या पट्टीवर टेकतो ती पट्टी आणि स्टीअरिंग बॉक्स बसतो ती जागा, एवढं सोडायचं नाही. स्टीअरिंग बॉक्सपाशी केसासारखी बारीक चीर असू शकते. बॅटरी तिरकी धरली तरच दिसते. जिप्सीत शिवाय पायाखालचं मॅट उचलायला लावा आणि फरशी बघा.

चेसिसच्या पोकळ भागाला पाणी जायला छोटी भोकं असतात. खानापूरकडच्या गाडीत ती मातीनं बुजतात आणि लोखंड आतून खातं. भोकात तार घाला. कोरडी माती आली तर ठीक, पापुद्रे आले तर गाडी सोडा.

गाडी कुठून आली ते यासाठीच विचारायचं. कारवार, गोवा, सिंधुदुर्गातली गाडी खाऱ्या हवेची असते. पत्रा आणि चेसिस गेलेली, इंजिन कदाचित उत्तम. अथणी-विजापूरकडची गाडी नेमकी उलट. लोखंड खणखणीत, पण धुळीनं एअर फिल्टरमार्गे बोर-पिस्टन खाल्लेले. दोन्ही सारख्याच किमतीला मिळत असतील तर मी डोळे झाकून पूर्वेकडची घेईन.

अपघाताची गाडी ओळखायला टेप लावा. चाकं सरळ ठेवून डाव्या पुढच्या हबच्या मध्यापासून डाव्या मागच्या हबपर्यंत मोजा, मग तसंच उजवीकडं. बोटाच्या जाडीपेक्षा जास्त फरक आला तर चेसिस किंवा एक्सल सरकलेला आहे.

इंजिन आणि फोर-व्हील

मालकाला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड व्हायची वाट बघा, कारण जुनं डिझेल इंजिन खरं बोलतं ते सकाळच्या पहिल्या सेल्फला. प्युजो इंजिनाला सुरू होण्याआधी आतून तापवणारे हीटर लागतात, त्यामुळं थोडा वेळ थांबून सेल्फ मारणं साहजिक आहे. सुरू झाल्यावर जरा पांढरा धूर येऊन थांबला तर चालेल. निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे बहुतेक नोझल-पंपाचं काम, ते होऊन जातं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून नुसतं वर ठेवा. ते नाचायला लागलं आणि धूर फेकायला लागलं तर बोरचं काम आलं. तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा, गाडी नाकारायची गरज नाही.

फोर-व्हीलचं मात्र विक्रेत्याच्या तोंडून ऐकून चालत नाही. या गाड्यांत ते ‘गरजेपुरतं’ असतं: पुढची आणि मागची चाकं एकाच वेगानं फिरायला बांधली जातात आणि मधे सूट द्यायला काही नसतं. म्हणून ते मऊ मातीवरच टाकायचं. कोरड्या डांबरावर टाकून वळलात तर गाडी आखडते आणि ट्रान्सफर केसवर (ओढ पुढं-मागं वाटणाऱ्या गियरच्या पेटीवर) ताण येतो. तपासायला शेतात किंवा मोकळ्या मैदानात न्या. पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे हब असतील तर ते लॉक करा, मग फोर-व्हीलचा हाय (नेहमीच्या वेगाचा) टाका, सरळ चालवा, थांबून लो (हळू पण जास्त ओढीचा) टाका. लोमध्ये गाडी पहिल्या गियरात माणसाच्या चालीनं चढ चढली पाहिजे. उताराला अॅक्सिलरेटर सोडा. तिथं लिव्हर उडून न्यूट्रलला आला तर आतले गियर झिजलेत. बऱ्याच गाड्यांत तो लिव्हर दहा-दहा वर्षं हललेलाच नसतो आणि जाम झालेला असतो. चारही टायर एकाच मापाचे हवेत, नाहीतर फोर-व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होते.

मग डांबरावर या. ताशी ५० च्या आसपास एखाद्या छोट्या खड्ड्यावरून गेल्यावर स्टीअरिंग थरथरून थांबेनासं झालं तर किंगपिन, टाय रॉडची टोकं, शॅकलचे बुश यांपैकी काहीतरी गेलंय. दुरुस्त होतं, पण तशी गाडी हायवेनं घरी आणू नका, टोचन करून आणा. रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. जुन्या जीपना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ओढ्यातून आल्यावर काही वेळ ते धरतच नाहीत. चोर्ला उतरताना चढायला जो गियर लागला असता त्याच गियरात उतरायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कागद

आपल्याकडं गाडी एका राज्यातली, मालक दुसऱ्या राज्यातला आणि शेत तिसरीकडं, असं सहज असतं. शिनोळीला बेळगावहून कामाला जाणारा माणूस रोज राज्य ओलांडतो. म्हणून एमएच ०९ ची (कोल्हापूरची) गाडी इथं कुणाला परकी वाटत नाही. कायद्याला वाटते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणं दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८), नव्या नंबराचा अर्ज (फॉर्म २७) आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स. गाडीच्या वयाप्रमाणं टॅक्सचा टक्का उतरत जातो, तरी आकडा आधी आरटीओत विचारून घ्या आणि गाडीच्या किमतीत मिळवा. ‘स्वस्त’ एमएच गाडी आणि महाग केए २२ (बेळगावची) गाडी यांतला फरक बऱ्याचदा इथंच संपतो. नव्याला माझा सल्ला: पहिली गाडी केए २२ किंवा केए २३ (चिकोडी) चीच घ्या.

दुसरी गोष्ट वयाची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं तपासणी होऊन ५-५ वर्षं वाढते. आरसीवरची तारीख संपलेली असेल तर नूतनीकरण विकणाऱ्याच्या नावावर, त्याच्याकडूनच करून घ्या आणि मग पैसे द्या. गाडी तपासणीत पास होते की नाही हेही त्यातून कळतं. २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली गेली. ग्रीन टॅक्स वेगळा.

आता पेन्सिल. चेसिस नंबर कोरलेली जागा रॉकेलच्या फडक्यानं आणि तारेच्या ब्रशनं साफ करा, पातळ कागद लावा आणि पेन्सिल आडवी धरून घासा. अक्षरं उमटतील. आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. एखादा आकडा तिरका, खोल किंवा वेगळ्या जाडीचा दिसला, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा दिसल्या तर तिथून निघा. इंजिन नंबरही बघा. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेलं असणं नेहमीचं, पण ते आरसीवर चढलेलं पाहिजे. कलम ५२ प्रमाणं मंजुरीशिवाय गाडीत असे फेरफार चालत नाहीत. बाहेरून बांधून आणलेल्या देखण्या जीपचा कागद बऱ्याचदा इथंच अडतो, आणि अपघात झाला तर विमाही.

परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मालक कितवा, कर्ज आहे का, विमा आणि टॅक्स कधीपर्यंत, दंड थकलाय का, हे दहा मिनिटांत कळतं. कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका. सरकारी खात्यातून निघालेली १५ वर्षांवरची गाडी कुणी दाखवली तर लांबच राहा. १ एप्रिल २०२३ पासून अशा गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या भंगारातच जायच्या असतात. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सीचं बेळगावात आकर्षण मोठं. तिच्या बाबतीत नंबर आधीच पडलेला असेल तरच बोलणी करा, ‘करून देतो’ या शब्दावर नाही.

करारपत्र कन्नडमध्ये असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल तर सही करण्याआधी एखाद्या शेजाऱ्याकडून ओळीनं ओळ वाचून घ्या. लाजायचं काही कारण नाही. मी स्वतः आधी वाचून घेत होतो, नंतर शिकलो. त्यात तारखेबरोबर वेळही लिहा, म्हणजे त्याआधीचा अपघात किंवा दंड तुमच्या गळ्यात पडत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच बैठकीत घ्या. त्याच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का तेही बघा.

पैसे आणि पहिले महिने

हातात तीन लाख असतील तर गाडी दोन लाखांची बघा. उरलेला लाख पहिल्या वर्षात लागतोच: टायर, बॅटरी, ब्रेकची सगळी रबरं, रेडिएटर होज, क्लच. भावाची बोलणी करताना मालकाला गाडीला नावं ठेवू नका. ज्यानं वीस वर्षं ती वापरली त्याला ते लागतं, आणि गाडीच्या खऱ्या खोडी सांगणारा माणूस तुम्ही गमावून बसता. सापडलेले दोष शांतपणे दाखवा, मिस्त्रीचा अंदाज सांगा. “दादा, पंपाचं काम निघालंय की, तेवढं धरून सांगा,” एवढं पुरतं.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन, गियरबॉक्स, ट्रान्सफर आणि दोन्ही डिफरेन्शियलचं ऑइल बदला, विकणारा काहीही म्हणाला तरी. जुन्या पेट्रोल जिप्सीला इंधनाचे सगळे रबरी पाइप नवे टाका. आताच्या पेट्रोलमध्ये आपल्याच चिकोडी-हुक्केरीच्या उसासारख्या पिकांपासून केलेलं इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. पाइप फुगून चिरतो, आणि तो असतो गरम इंजिनाशेजारी.

पावसाळ्याच्या तोंडावर चेसिसची भोकं तारेनं मोकळी करून आत ऑइल फवारून घ्या. आणि चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असलेल्या ओढ्यातून गाडी काढली असेल तर त्याच आठवड्यात डिफरेन्शियलचा खालचा (ऑइल काढायचा) बोल्ट थोडा सैल करून ऑइलचा एक थेंब बोटावर घ्या. मधासारखं दिसलं तर बोल्ट आवळून टाका. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. उद्यावर न टाकता त्याच दिवशी सगळं काढून नवं भरा.